चार्जिंगला लावलंय, पण चार्ज होत नाही: हँडहेल्डची बॅटरी बदलण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, गेम परत मेला." परत, कारण आठच दिवसांपूर्वी ताईने तो मोबाइलच्या दुकानात नेऊन बॅटरी बदलून आणली होती. तळहाताएवढा, जुने गेम खेळायचा चिनी हँडहेल्ड. दुकानदाराने आपल्या चार्जरला लावून पाहिला, दिवा लागला नाही, "बॅटरी गेली" म्हणाला आणि पाचशे रुपये घेऊन नवी टाकून दिली. गेम दुकानातच सुरू झाला, सगळे खूश. आता नवी बॅटरी कारखान्यातून थोडीफार भरूनच येते, त्यामुळे तो सुरू होणारच होता. होती तेवढी संपली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी त्याला एकच विचारलं, "आधी कशावर चार्ज करायचास?"

"आईच्या जुन्या फोनच्या चार्जरवर."

"आणि आता?"

"नव्या फोनच्या. तो फास्ट आहे ना!"

जुना चार्जर शोधायला लावला. टीव्हीखालच्या खणात गॅसच्या पावत्यांखाली सापडला. लावल्याबरोबर लाल दिवा.

हाच घोळ मी पुण्यात मित्रांच्या घरी, ऑफिसात आणि एकदा तर रेल्वेच्या डब्यात अनोळखी पोराला निस्तरून दिलाय. दर वेळी सगळं तोंडी सांगत बसतो, म्हणून या खेपेला लिहून ठेवतोय. "बॅटरी गेली" म्हणून माझ्यापर्यंत येणाऱ्या हँडहेल्डमध्ये बॅटरी खरोखर गेलेली क्वचितच असते. बहुतेक वेळा चार्जर आणि यंत्र यांचं आपसात जमत नसतं. त्यामुळे बॅटरीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

दोन्ही टोकांना सी असलेली केबल

जुन्या चार्जरचं भोक चपटं आयताकृती असतं, म्हणजे यूएसबी-ए. त्यात ५ व्होल्ट कायम हजर. काहीही जोडा, मिळतात. सी टाइप चार्जरचं तसं नाही. नुसता बोर्डात खोचून ठेवलात तर त्याच्या तोंडाशी वीज नसतेच. समोर कुणी आहे आणि ते वीज घेणारं आहे, याची खात्री पटल्यावरच तो ५ व्होल्ट सोडतो. ही खात्री तो सीसी नावाच्या पिनांवरून करून घेतो. वीज घेणाऱ्या यंत्राने आपल्या दोन्ही सीसी पिनांवर ५.१ किलो-ओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला जोडून ठेवायचा, असा नियम आहे. एका रेझिस्टरची किंमत पैशांत मोजावी इतकी कमी. स्वस्तातल्या अनेक हँडहेल्डमध्ये नेमके हे दोन दाणे लावलेलेच नसतात. बाहेरून भोक सी टाइपचं, आत मन अजून मायक्रो यूएसबीचंच.

मग सी टू सी केबल लावली की चार्जर वाट बघतो, यंत्र वाट बघतं, आणि आपण दिव्याकडे बघत बसतो. ए टू सी केबल लावली की काहीच अडत नाही, कारण ए बाजूला कुणी काही विचारतच नाही.

ही चूक फक्त गल्लीबोळातल्या कंपन्या करतात असंही नाही. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यात दोन सीसी पिनांना मिळून एकच रेझिस्टर लावला होता. साध्या केबलवर सगळं ठीक चालायचं. पण जाड, भारीतली, आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लावली की चार्जरला वाटायचं समोर हेडफोनचं अडॅप्टर आहे, आणि तो वीज द्यायचाच नाही. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते सुधारलं. म्हणजे महागडी केबल नापास आणि शंभर रुपयांची पास, हेही होऊ शकतं.

उपाय सोपा आहे. ए टू सी केबल आणि ५ व्होल्ट २ अँपिअरचा जुना १० वॅटचा चार्जर. घरात असा एखादा असतोच, तो भंगारात देऊ नका. छोट्या हँडहेल्डच्या बॅटऱ्या दोन ते साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असतात, त्यांना यापेक्षा जास्त ताकद लागत नाही आणि घेताही येत नाही. "फास्ट चार्जर वापरू नका" असं पत्रकात छापलेलं असतं ते पाळावं. नियमाने बघितलं तर चांगला फास्ट चार्जर मागितल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही. पण एका बाजूला रेझिस्टर वाचवणारी कंपनी आणि दुसऱ्या बाजूला बिननावाचा चार्जर, यांच्या भांडणात आपलं यंत्र कशाला ढकलायचं?

प्रवासात फक्त सी टाइप चार्जर जवळ असेल तर एक जुगाड आहे. फोनला पेनड्राइव्ह जोडायचं बारकं ओटीजी अडॅप्टर मिळतं, एका बाजूला सी, दुसऱ्या बाजूला चपटं भोक. ते आधी चार्जरच्या सी तोंडात खोचायचं, त्याच्या चपट्या भोकात ए टू सी केबल आणि मग यंत्र. त्या अडॅप्टरच्या आत तो ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर असतोच (फोनला "पेनड्राइव्ह आलाय" हे तसंच कळतं), त्यामुळे चार्जरची खात्री पटते आणि तो गुमान ५ व्होल्ट देतो. रेल्वेतल्या त्या पोराचं काम याच्यावरच झालं. मी ते अडॅप्टर चावीच्या जुडग्याला लावून फिरतो, बायको हसते.

कायमचा इलाज म्हणजे ते दोन रेझिस्टर झाळून घेणं. मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला काम किरकोळ आहे, मात्र त्याला सूक्ष्मदर्शकाखाली काम करायची सवय हवी. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशी माणसं सापडतात. स्वतः करणार असाल तर आधी एखाद्या मेलेल्या फोनवर हात बसवा.

केबल एका बाजूने लावली तर चार्जिंग होतं आणि उलटी फिरवून लावली तर होत नाही, असं असेल तर निदान आणखी सोपं. दोनपैकी एकाच पिनेचं काम चालू आहे. दुसरीचा रेझिस्टर नाही, टाका सुटलाय, किंवा भोकात घाण आहे. घाण आधी बघा. खिशातला कापसाचा गुंता भोकाच्या तळाशी दाबून दाबून इतका घट्ट होतो की पिन पूर्ण आत जातच नाही. यंत्र बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने उकरायचं. टाचणी किंवा सुई नको, आतली जीभ वाकली की खरा खर्च सुरू होतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पिनांवर हिरवट थर धरतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला जातो. पुसून अर्धा तास वाळू द्यायचं आणि मगच केबल लावायची.

"८० वॅटचा चार्जर आहे, तरी स्लो म्हणतंय"

आता मोठ्या यंत्रांकडे. स्टीम डेक, रॉग अ‍ॅलाय, निन्टेन्डो स्विच ही मंडळी सीसी पिनांचा नियम पाळतात. त्यांची तक्रार वेगळी असते. चार्ज होतं, पण कूर्मगतीने. किंवा खेळता खेळता, चार्जर लावलेला असतानाही टक्के उतरत जातात.

चार्जरवरचा मोठा आकडा विसरा. मागच्या बाजूची मुंगीएवढी अक्षरं वाचा. डोळ्यांना दिसत नसतील तर फोनने फोटो काढून मोठा करा. "आउटपुट" या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअरच्या जोड्या असतात. स्टीम डेकला ४५ वॅट हवे असतात, ते १५ व्होल्ट ३ अँपिअर या जोडीने. तुमच्या चार्जरवर १५ व्होल्टची ओळच नसेल तर दोघांना खालच्या जोडीवर समाधान मानावं लागतं. बाजारातल्या २० वॅटच्या चार्जरवर बहुधा दोनच ओळी दिसतील, ५ व्होल्ट ३ अँपिअर आणि ९ व्होल्ट २.२२ अँपिअर. त्याच्याकडून ४५ ची अपेक्षा ठेवून उपयोग नाही.

मग ८० वॅटवाल्याचं काय? आपल्याकडे फोनसोबत येणारे ६५, ८०, १२० वॅटचे कितीतरी चार्जर त्या त्या कंपनीची खासगी भाषा बोलतात. आपला फोन समोर असला तर ८० वॅट, परका कुणी असला तर ५ व्होल्ट २ अँपिअर. सर्वांना समजणारी भाषा यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी. काही कंपन्यांचे चार्जर दोन्ही बोलतात, काहींचे नाही. एक ठोकताळा: चार्जरचं तोंड चपटं, ए प्रकारचं असेल तर त्यातून पीडी मिळणार नाही, वर कितीही वॅट छापलेले असोत.

खेळताना टक्के का उतरतात याचा हिशेब पाटीवर होतो. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॅट-अवरची, म्हणजे ४० वॅट खाणारं यंत्र ती तासभर चालवू शकते. जड गेमला ती दोन तासांत संपते, म्हणजे यंत्र तासाला २० वॅट-अवर खातंय. वरून १० वॅटचा चार्जर लावला तर निम्मंच भरून येतं, बॅटरी उतरणारच. २०१७ च्या मूळ स्विचची बॅटरी ४३१० एमएएच, म्हणजे १६ वॅट-अवर. जड गेमवर अडीच तास टिकते, म्हणजे साधारण साडेसहा वॅट. ५ व्होल्ट दीड अँपिअरचा चार्जर साडेसात वॅट देतो, त्यातले काही उष्णतेत जातात. मग टक्के ना वर ना खाली, जागच्या जागी. यंत्र बिघडलेलं नाही. त्याला झोपवून चार्ज करा किंवा मोठा चार्जर घ्या.

केबलकडेही संशयाने बघा. सी टू सी केबलमध्ये ओळखीची चिप नसेल तर ३ अँपिअरपर्यंतच वीज जाते. डेकला आणि स्विचला तेवढं पुरतं, त्यामुळे १०० वॅटची केबल घ्यायची गरज नाही. मात्र लांबलचक, पातळ, पानटपरीशेजारच्या गाडीवर मिळणारी केबल घेतली तर वाटेतच व्होल्ट गळतात. टोकाशी हात लावला आणि गरम लागलं तर ती फेका.

आणखी एक घोळ ध्यानात यायला मला वेळ लागला. दोन-तीन तोंडांचा ६५ वॅटचा चार्जर. हँडहेल्ड एकटा असताना सुरळीत. शेजारी कुणी इअरबड्स खोचले की हँडहेल्डची वीज क्षणभर तुटते, पुन्हा येते, पण आता ४५ किंवा त्याहून कमी. इअरबड्स भरून झाले, कुणी ते काढले, की परत तुटते. चार्जर दर वेळी सगळी वाटणी नव्याने करतो. आमच्याकडे टीव्हीला जोडून खेळताना दर वीस मिनिटांनी स्क्रीन काळी पडायची. आठवडाभर मी एचडीएमआय केबलला शिव्या घातल्या, आणि चोर निघाला मुलीचा स्मार्टवॉच चार्जर.

स्विचच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवा. हातात धरून खेळताना तो कुठल्याही बऱ्या चार्जरवर भरतो, पण डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) ठेवून टीव्हीवर चित्र हवं असेल तर १५ व्होल्ट लागतातच. त्याच्या मूळ अडॅप्टरवर १५ व्होल्ट २.६ अँपिअर लिहिलेलं असतं. "चार्ज होतंय पण टीव्हीवर येत नाही" याचं उत्तर बहुधा तेच असतं. डॉक मात्र स्वस्तातला घेऊ नका. मार्च २०१८ मध्ये स्विचचं ५.० अपडेट आलं आणि इतर कंपन्यांच्या काही डॉकवर ठेवलेली यंत्रं कायमची बंद पडली. चार्जिंगची बोलणी सांभाळणारी एम९२टी३६ नावाची चिप जळायची. स्विच दुरुस्त करणाऱ्या कुणालाही हे नाव सांगा, तो मान डोलावेल.

डेक आणि स्विच आपल्याकडे बहुतेक बाहेरून मागवलेले असतात, त्यामुळे प्लगच्या पिना अमेरिकन चपट्या. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतो, वोल्टेज कन्व्हर्टर नको. पण पिन बदलायचा तो पांढरा ठोकळा आपल्या बोर्डात सैल बसतो आणि हलला की ठिणगी पडते. "मधेच चार्जिंग थांबतं" या तक्रारीत मी आधी हा ठोकळा हलवून बघतो. चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन भुताटकीसारखी आपोआप दाबली जात असेल किंवा धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर दोन पिनांच्या अडॅप्टरमधून किंचित गळणाऱ्या विजेचा तो प्रताप. चार्जर काढून बघा, थांबलं तर यंत्राचा दोष नाही. चांगल्या कंपनीचा चार्जर लावा.

मे महिन्यातला फोन

भाच्याचा पुढचा फोन मे महिन्यात. या वेळी, "मामा, सत्तरच्या वर जातच नाही." दुपारी तीन वाजता, अकोल्यात, कूलरचं पाणी संपलेलं. मी म्हटलं, रात्री दहानंतर लाव. रात्री शंभर झालं.

लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. बऱ्या यंत्रांत बॅटरीजवळ तापमान मोजणारा सेन्सर असतो, तो चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ ला टेकते, खेळणाऱ्या यंत्राचं पोट त्याहून तापलेलं. चार्जिंग थांबलं म्हणजे सुरक्षा नीट काम करतेय. स्वस्त हँडहेल्डमध्ये हा सेन्सर असेलच असं नाही, तिथे तो आपण व्हायचं. उन्हाळ्यात दुपारी खेळता खेळता चार्ज करायचं नाही, गादीवर किंवा उशीखाली ठेवून चार्ज करायचं नाही, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तर यंत्र ठेवायचंच नाही. सिलिकॉनचं कव्हरही चार्जिंगपुरतं काढा.

उष्णता बॅटरीला दुहेरी मारते. पूर्ण भरलेली आणि तापलेली, या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या की ती सगळ्यात लवकर म्हातारी होते. म्हणून जे लोक कायम टीव्हीला आणि चार्जरला जोडूनच खेळतात त्यांनी ८० टक्क्यांची मर्यादा लावावी. रॉग अ‍ॅलायमध्ये ही सोय आर्मरी क्रेट या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्टीम डेकला ती २०२५ च्या ३.७ अपडेटने आली, सेटिंगमध्ये पॉवरखाली सापडेल. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढायची, आल्यावर पुन्हा लावायची.

रात्री ऐंशी, सकाळी शून्य

हा प्रश्न बहुतेक विंडोजवाल्या हँडहेल्डचा. बटण दाबून झोपवलं आणि बॅगेत टाकलं, तरी विंडोज आतून अधूनमधून जागं होतं, अपडेट शोधतं, आणि बंद बॅगेत तापत राहतं. सेटिंगमध्ये पॉवर बटणाला स्लीपऐवजी हायबरनेट लावा. उठायला काही सेकंद जास्त लागतात, पण बॅटरी जागच्या जागी राहते. डेकवर आणि स्विचवर झोपेतली गळती बरीच कमी, तरी आठवडाभर हात लावणार नसाल तर पूर्ण बंद करा.

तीस टक्क्यांवरून एकदम शून्यावर उडी मारणारी यंत्रं वेगळी. छोट्या हँडहेल्डमध्ये टक्केवारी अनेकदा नुसत्या व्होल्टवरून अंदाजाने काढलेली असते, जड गेम लावला की व्होल्ट दबतात आणि अंदाज कोसळतो. एकदा पूर्ण संपवून, बंद ठेवून, सलग शंभरपर्यंत भरा. सुधारलं तर मोजमाप चुकत होतं. दोन-तीनदा करूनही तीच उडी, आणि यंत्र तीन-चार वर्षं रोज वापरातलं, तर बॅटरी खरंच दमलीय. चार्जिंगच्या साधारण ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर क्षमतेचा पाचातला एक हिस्सा गेलेला असतो, त्यात नवल नाही.

कपाटातून काढलेलं यंत्र

परीक्षा संपली, कपाटातून गेम काढला, दिवाही लागत नाही. इथे लोक पाच मिनिटांत हार मानतात. खूप दिवस पडून राहिलेल्या बॅटरीचे व्होल्ट ३ च्या खाली गेलेले असतात. चार्जिंगची चिप अशा बॅटरीला एकदम जेवायला वाढत नाही, आधी पेज पाजते. अगदी थोडा करंट, ३ व्होल्ट येईपर्यंत. या काळात स्क्रीनवर काहीही दिसत नाही. अर्धा तास, कधी दोन तास, योग्य चार्जरवर नुसतं ठेवा. मग पॉवर बटण बारा-पंधरा सेकंद दाबून धरा, सोडा, पुन्हा दाबा. निन्टेन्डो स्वतः सांगतं की स्विच वापरत नसाल तरी सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करा. ठेवताना निम्मी भरून ठेवायची, गच्च भरूनही नाही आणि रिकामीही नाही. स्टीम डेकच्या बायॉसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बॅटरी स्टोरेज मोड आहे, तो लावला की बॅटरी तोडून ठेवल्यासारखी होते आणि चार्जर जोडल्यावरच जागी होते. कुणाकडून जुना डेक घेतलात आणि बटणाने सुरूच होत नसेल, तर आधी चार्जर जोडून बघा.

माझ्या कपाटात एक जुना पीएसपी (सोनीचा हँडहेल्ड) आहे, पहिल्या पिढीचा, १८०० एमएएचच्या बॅटरीवाला. दोन वर्षांनी काढला तर मागचं झाकण पोट आल्यासारखं वर आलेलं. पीएसपीवाल्यांना हे दृश्य नवं नाही. फुगलेल्या बॅटरीला हा लेख लागू नाही. चार्जरला लावून बघायची नाही, दाबून झाकण बसवायचं नाही, टोचून हवा काढायचा विचारही करायचा नाही. पीएसपीची बॅटरी बाहेर काढता येते, ती काढून वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली. घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबताना आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय, त्यामुळे विकणाऱ्याला विचारायला लाजायचं कारण नाही.

नवी घेताना लेबलवरचा आकडा बघून भुलू नका. मूळ १८०० ची जागा तेवढीच आणि त्यावर ३६०० लिहिलेलं, तर लेबल छापणाऱ्याला शाई स्वस्त पडलीय एवढाच अर्थ. काही छोट्या हँडहेल्डमध्ये चक्क नोकियाची बीएल-५सी बसते. तिचा एक किस्सा जुन्या लोकांना आठवत असेल. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने अशा ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापू शकतात म्हणून बदलून द्यायची घोषणा केली होती, आणि घरोघरी लोक फोनची पाठ उघडून बॅटरीवरचा २६ अक्षरांचा क्रमांक वाचत बसले होते. त्या मापाच्या नकली बॅटऱ्या आजही ढिगाने मिळतात. वजन हातात घेऊन बघा, फारच हलकी असेल तर परत ठेवा.

पॉवर बँक

दोन तक्रारी येतात. पहिली, "पॉवर बँक मधेच बंद पडते." छोटा हँडहेल्ड शेवटी शेवटी इतका कमी करंट घेतो की पॉवर बँकेला वाटतं कुणी जोडलेलंच नाही, आणि ती झोपते. बऱ्याच पॉवर बँकांना कमी करंटची खास सोय असते, बटण दोनदा किंवा दाबून धरून ती लागते. पत्रक वाचा.

दुसरी, "१०,००० ची आहे, तरी एकदाही पूर्ण भरत नाही." हे दहा हजार आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचे, म्हणजे ३७ वॅट-अवर. व्होल्ट वर चढवताना काही गळतात, हातात तीसच्या आसपास येतात. १६ वॅट-अवरच्या स्विचला पावणेदोन वेळा. ओलेड स्क्रीनच्या नव्या, ५० वॅट-अवरच्या डेकला जेमतेम साठ टक्के. ८० वॅट-अवरच्या अ‍ॅलाय एक्सबद्दल बोलायलाच नको. डेकवाल्यांनी २०,००० ची, आणि जिच्या आउटपुटच्या ओळीत १५ व्होल्ट ३ अँपिअर आहे अशीच घ्यावी. त्याहून मोठी घेण्याआधी विमानाचा विचार करा. १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक परवानगीशिवाय नेता येते, तीही फक्त हातातल्या बॅगेत. म्हणूनच २७,००० च्या आसपास बाजार थांबतो, कारण ३.७ ने गुणलं की ९९.९ येतात.

आणि शक्य असेल तर तीन-चारशे रुपयांचा यूएसबी टेस्टर घ्या. चार्जर आणि केबलच्या मधे लावला की व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. शून्य अँपिअर म्हणजे बोलणीच झाली नाहीत, केबल किंवा भोक बघा. ५ व्होल्ट अर्धा अँपिअर म्हणजे चार्जर चुकीचा. १५ व्होल्ट दोन-अडीच अँपिअर जातायत आणि तरी तासाभराने टक्के तेवढेच, तर मग यंत्र दुकानात न्या. आणि नेताना तुमचा स्वतःचा, चालणारा चार्जर बरोबर न्या, नाहीतर दुकानदार पुन्हा आपल्या सी टू सी केबलला लावून बघेल.

भाच्याची ती जुनी, "गेलेली" बॅटरी ताईने नशिबाने फेकली नव्हती. जूनमध्ये पुण्याला येताना घेऊन आली. मी मल्टिमीटर लावला, ३.२ व्होल्ट. फुगलेली नाही, गळलेली नाही. जुन्या चार्जरवर तीन तासांत ४.१८. आता ती माझ्या हँडहेल्डमध्ये आहे, आणि पाचशे रुपयांचा हिशेब ताई माझ्याकडे मागतेय.